घरपट्टीची पावती आणि तक्रारीची पोच

मुंबई महानगरपालिकेचा कारभार आजही १८८८ सालच्या कायद्याने चालतो. दुरुस्त्या पुष्कळ झाल्या, सांगाडा तोच राहिला. या कायद्याचे ५१५ वे कलम सहसा कोणाच्या वाचनात येत नाही. शहरात राहणाऱ्या कोणाही माणसाला उपद्रवाबद्दल दंडाधिकाऱ्याकडे तक्रार करता येते, दंडाधिकारी थेट पालिकेच्या आयुक्ताला तो उपद्रव दूर करण्याचा हुकूम देऊ शकतो, आणि तक्रारदाराला खर्चाबरोबर त्याच्या बुडालेल्या वेळाची भरपाईही देववू शकतो, असे ते कलम सांगते. यातले ‘राहणाऱ्या कोणाही’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. त्यात करदात्याची, मतदाराची किंवा घरमालकाची अट नाही. नुसता राहणारा पुरे. पालिकेच्या निवडणुकीत मत देण्याचा हक्क मूठभरांपाशी होता, त्या काळात कायद्यात इतकी मोकळी भाषा आली याचे नवल वाटते. पण त्याच कायद्यात दोनशे कलमे आधी, ३१४ व्या कलमात, रस्त्यावर किंवा पदपथावर परवानगीवाचून उभे केलेले काहीही नोटीस न देता हटवण्याची मुभा आयुक्ताला आहे. पदपथावर झोपडे घालून राहणारा शहरात राहतो की नाही? एका कलमाच्या हिशेबाने तो तक्रारदार आहे, दुसऱ्याच्या हिशेबाने तो स्वतःच उपद्रव आहे.

नागरिक आणि पालिका यांच्या संबंधाचा इतिहास आपल्याकडे बहुधा जागृत करदात्याची कहाणी म्हणून सांगितला जातो: लोकांनी कर भरला, हिशेब मागितला, प्रतिनिधी निवडले, सुधारणा झाल्या. ही कहाणी खोटी नाही. पण ती अर्धी आहे. तक्रारीला वजन आले ते घरपट्टीच्या पावतीमुळे, हे मान्य; मात्र त्याच पावतीने तिचे अंगण आखूडही केले. ते अंगण जेव्हा रुंदावले, तेव्हा बहुतेक वेळा पालिकेने आपण होऊन कुंपण मागे घेतलेले नव्हते. ज्यांच्या हाती पावती नव्हती त्यांनी पालिकेचा दरवाजा सोडून दुसरेच दार ठोठावले होते.

पालिका येण्याआधी गाऱ्हाणी नव्हती असे नव्हे. पेशव्यांच्या पुण्यात रस्ते, बोळ, घरे यांवरून होणारे तंटे कोतवालाकडे जात, पेठेतल्या व्यापाऱ्यांची बाजू शेटे-महाजन मांडत. पण त्या व्यवस्थेत कोतवाल वर उत्तर देत असे, खाली नव्हे. खाली उत्तर द्यायची वेळ आली ती अपवादाने आणि भयंकर रीतीने: १७९१ मध्ये घाशीराम कोतवालाला लोकांनी दगडांनी ठेचून मारले. गाऱ्हाण्याला रोजचा, कंटाळवाणा, कागदी मार्ग नसला की असे होते. कागदी मार्ग म्हणून आपण ज्याची टिंगल करतो, तो आवक-जावक नोंदींचा संथ प्रकार, एका अर्थाने मोठी सुधारणाच होती.

मुंबईत हा मार्ग उघडला तो पैशाच्या तंट्यातून. १८६५ च्या कायद्याने शहराचा सारा कारभार एका आयुक्ताच्या हाती दिला आणि त्याच्यावर देखरेख ठेवली जस्टिस ऑफ द पीस मंडळींची. हे जस्टिस सरकारने नेमलेले, संख्येने पुष्कळ आणि देखरेखीत ढिले. पहिला आयुक्त आर्थर क्रॉफर्ड धडाक्याचा माणूस होता. रस्ते रुंद झाले, गटारे उपसली गेली, त्याच्या नावाने ओळखली गेलेली मंडई १८६९ मध्ये उभी राहिली. खर्च मात्र अंदाजपत्रकाला जुमानेना. त्यातच १८६५ मध्ये कापसाच्या तेजीचा आणि शेअर बाजाराचा फुगा फुटला होता. भाडी उतरली, घरमालकांचे उत्पन्न आटले, आणि घरपट्टी चढतच राहिली. १८७१ मध्ये करदात्यांच्या सभा गाजू लागल्या. जेम्स फोर्ब्स, नवरोजी फर्दुनजी, विश्वनाथ नारायण मंडलिक ही त्या चळवळीतली ठळक नावे. क्रॉफर्ड त्याच वर्षी गेला. पुढच्याच वर्षी नवा कायदा झाला: ६४ सभासदांची पालिका, त्यांतले ३२ करदात्यांनी निवडायचे, १६ जस्टिसांनी, १६ सरकारने. ४ सप्टेंबर १८७३ रोजी या पालिकेची पहिली सभा भरली.

या चळवळीत एक सूर वेगळा लागला होता, आणि तो लावणाऱ्याला ओरडून खाली बसवण्यात आले. फ्रामजी कावसजी इन्स्टिट्यूटमधल्या सभेत तरुण फिरोजशहा मेहतांनी मांडले की दोष क्रॉफर्डचा नाही, व्यवस्थेचा आहे. कर्तबगार अधिकारी काढून टाकल्याने काही साधणार नाही, त्याच्यावर लोकांनी निवडलेली सभा हवी. श्रोत्यांना क्रॉफर्डचे डोके हवे होते. मेहतांचा युक्तिवाद आज वाचणाऱ्याला उघड वाटतो, पण त्या दालनात बसलेल्यांची तक्रार मुळात शहराच्या आरोग्याची नव्हतीच, ती बिलाची होती. गटारे सुधारली आणि मृत्यूचे प्रमाण उतरले, याचे ज्यांना सर्वाधिक सुख झाले असते ते लोक त्या सभेत नव्हते आणि पुढच्या मतदारयादीतही आले नाहीत. १८७२ च्या खानेसुमारीत मुंबईची वस्ती साडेसहा लाखांच्या जवळ भरली होती. मताचा हक्क मिळाला तो ठरावीक रकमेहून अधिक कर भरणाऱ्यांना. निवडलेली पालिका आपल्याला करदात्यांनी मिळवून दिली, याबद्दल त्यांचे ऋण मानावेच लागते. पण त्यांनी ती मिळवली ती स्वतःपुरती.

याचा परिणाम चाळींत दिसला. चाळीतल्या खोलीची घरपट्टी मालक भरी, भाडेकरू भाडे भरी. भाड्यात कर मिसळलेला असे, पावती मात्र मालकाच्या नावाची. संडास तुंबला, मोरी फुटली, जिना कुजला तर भाडेकरूने पालिकेकडे जावे, पालिकेने मालकाला नोटीस द्यावी, मालकाने ती पोटात घालावी किंवा भाडेकरूलाच खोली सोडायला सांगावी, अशी ती साखळी होती. तक्रार करणारा आणि उत्तर मिळवणारा ही दोन वेगळी माणसे झाली. १९२२ मध्ये दरमहा १० रुपये भाडे भरणाऱ्याला पालिकेच्या निवडणुकीत मत मिळाले. गिरणी कामगाराच्या खोलीचे भाडे बहुधा त्याहून कमीच असल्याने तो तेव्हाही बाहेरच राहिला. प्रौढ मतदानाने पालिकेची निवडणूक झाली ती १९४८ साली. पहिल्या सभेपासून मोजले तर पाऊणशे वर्षे.

मुंबईचे करदाते १८७१ मध्ये पावती फडकावत होते, त्याच सुमारास पुण्यात एक वेगळी रीत निघाली होती, आणि ती पुढे रुजली नाही याची हळहळ वाटते. पर्वती संस्थानच्या कारभाराबद्दल असंतोष होता. त्यातून २ एप्रिल १८७० रोजी सार्वजनिक सभा स्थापन झाली. सभासद व्हायचे तर किमान ५० माणसांच्या सह्यांचे मुखत्यारनामे आणावे लागत. सुरुवातीचे ९५ सभासद अशा सुमारे ६,००० लोकांच्या वतीने बसले होते. सही करणाऱ्याने कर भरला आहे का, असा प्रश्न त्यात नव्हता. ही मंडळी बहुतांशी सरदार, वकील, पेन्शनर, सावकार अशीच होती, त्यामुळे त्या रीतीला लोकशाहीचा मुकुट चढवायला नको. पण कोणाच्या वतीने बोलतो हे बोलणाऱ्याने आधी कागदावर दाखवायचे, ही अट पालिकेच्या कोणत्याही कायद्यात नव्हती. पुणे नगरपालिकेत त्या दशकात सरकारनियुक्त सभासद असत. त्यांत १८७६ पासून जोतीराव फुले होते. १८८० मध्ये व्हाइसरॉय लिटन पुण्यास येणार म्हणून सजावटीवर १,००० रुपये खर्चण्याचा ठराव आला, तेव्हा ३२ सभासदांत विरोधी मत एकट्या फुल्यांचे पडले. तो पैसा गरिबांच्या शिक्षणाकडे वळवावा असे त्यांचे म्हणणे होते. त्याच वर्षी वाढत्या दारूच्या दुकानांबद्दल त्यांनी पालिकेला लिहिले. नव्या मंडईच्या खर्चालाही त्यांचा विरोध होता, आणि आज तीच मंडई त्यांच्या नावाने ओळखली जाते. नगरपालिकेच्या दप्तराला विनोदबुद्धी नसते असे कोण म्हणेल! फुले नेमलेले होते, कोणी निवडलेले नव्हते, तरी बोलले ते घरपट्टीच्या वहीत नाव नसलेल्यांच्या बाजूने. प्रतिनिधित्वाचा दाखला आणि प्रतिनिधित्व यांची अशी फारकत इतिहासात वारंवार दिसते.

पावतीवाचून पालिकेला हलवता येते, हे सर्वांत स्पष्ट दिसले प्लेगमध्ये. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवीत साथ जाहीर झाली. ऑक्टोबरच्या सुरुवातीला आयुक्त स्नो यांनी रोग्यांना सक्तीने वेगळे ठेवण्याचे आणि घरांची झडती घेण्याचे फर्मान काढले. प्रतिष्ठितांचे अर्ज आले. जातीजातींच्या पुढाऱ्यांनी आपापल्या समाजाची स्वतंत्र रुग्णालये मागितली आणि पुढे ती उभीही राहिली. अर्ज न करणाऱ्यांनी महिन्याच्या अखेरीस आपले म्हणणे आर्थर रोडच्या रुग्णालयावर चालून जाऊन मांडले. हजारभर गिरणी कामगार होते. लगेच फर्मान सैल करण्यात आले. पण स्नो यांना खरी धास्ती आणखी कोणाची होती, हे त्यांच्याच अहवालातून कळते: हलालखोर आणि बिगारी, म्हणजे मैला व कचरा वाहणारे लोक. लोक शहर सोडून पळत होते, त्यांच्यामागे हेही गेले तर मुंबईचा उकिरडा होईल, असा तो हिशेब होता. या माणसांच्या नावाने पालिका ‘हलालखोर कर’ वसूल करीत असे. मतदारयादीत त्यांना जागा नव्हती, सभेत आवाज नव्हता. तरी शहराच्या सर्वांत कठीण महिन्यात आयुक्ताचे धोरण वाकले ते त्यांच्याकडे पाहून. मार्च १८९७ मध्ये साथीचा कारभार पालिकेकडून काढून गॅटेकर यांच्या अध्यक्षतेखालील समितीकडे दिला गेला, तेव्हा निवडलेल्या सभासदांना बाजूला सारणे सरकारला फारसे जड गेले नाही.

महाडला प्रश्न याहून उघडा झाला. चवदार तळे नगरपालिकेच्या मालकीचे होते. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करावेत हा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळात १९२३ मध्ये मंजूर झाला, आणि सुरेंद्रनाथ टिपणीस यांच्या महाड नगरपालिकेने ५ जानेवारी १९२४ रोजी तो आपल्या हद्दीत लागू केला. कागद पूर्ण होता. पाण्याला मात्र कोणी हात लावू दिला नाही. मग २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली लोक तळ्यावर गेले आणि पाणी प्याले, तेव्हा हा ठराव पहिल्यांदा अमलात आला. त्यावर नगरपालिकेने काय केले? ४ ऑगस्टला स्वतःचाच ठराव मागे घेतला. तळे खाजगी आहे, निदान फक्त सवर्णांच्या वहिवाटीचे आहे, असा दावा न्यायालयात गेला. १७ मार्च १९३७ रोजी उच्च न्यायालयाने तो फेटाळला. अनादिकाळापासूनची अशी रूढी सिद्ध झाली नाही, हे त्याचे कारण. महाडच्या लढ्याचा अर्थ समतेचा आहे, पाणीपुरवठ्याचा नव्हे, हे खरेच. पण नगरपालिकांच्या इतिहासासाठी त्यातून एक रोखठोक गोष्ट निघते: नगरपालिकेत ठराव मंजूर होणे हे रहिवाशाला रहिवासी ठरवायला पुरत नाही, आणि ज्यांची मते तिथे मोजली जातात त्यांच्या दबावाखाली तो ठराव विरून जातो.

यावर एक आक्षेप हमखास येतो आणि तो उडवून लावण्याजोगा नाही. जो भरतो त्यानेच विचारावे, यात गैर काय? न भरणाऱ्याच्या तक्रारीवर पैसा खर्च होतो तो भरणाऱ्याचा. असा आक्षेप घेणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे घरपट्टी असते, कारण तिचे बिल घरी येते. पण आपल्या नगरपालिका चालल्या त्या मोठ्या अंशी जकातीवर. पुण्यासारख्या मोफसल नगरपालिकांचा तर तो कणाच होता. मुंबईतही जीएसटी १ जुलै २०१७ रोजी येईपर्यंत जकात हे पालिकेच्या उत्पन्नाचे सर्वांत मोठे साधन होते. नाक्यावर ट्रकवाला जकात भरी, ती तांदळाच्या, तेलाच्या, साबणाच्या भावात मिसळे, आणि धारावीतली बाई किलोभर तांदूळ घेताना ती पालिकेला चुकती करी. तिच्या नावाची पावती फक्त कधी फाडली गेली नाही. म्हणजे ‘भरणारा’ आणि ‘न भरणारा’ ही विभागणी पैशाची कधीच नव्हती, ती दप्तराची होती. ज्याचा पैसा नाक्यावर नाव न लावता जमा होतो त्याला फुकट्या म्हणायचे आणि ज्याचा पैसा वहीत नावानिशी चढतो त्याला दाता म्हणायचे, हा हिशेबनिसाचा न्याय झाला.

दुसरा आक्षेप असा की १९४८ नंतर हा वाद संपलाच. सर्वांना मत आहे, नगरपिता जाऊन नगरसेवक आला. शब्द बदलला हे खरे. पण मत पाच वर्षांतून एकदा, आणि तेही वेळेवर असेलच असे नाही. मार्च २०२२ मध्ये मुंबई पालिकेची मुदत संपली, पुढे तीन वर्षांहून अधिक काळ प्रशासकच होता, आणि त्या काळात नळ, गटार, खड्डे थांबून राहिले नव्हते. रोजचा मार्ग तक्रारीचाच राहतो, आणि तिला लागतो पत्ता. १९९७ मध्ये घाटकोपरच्या जोशी लेनमधल्या रहिवाशांचा कचरा वेगळा करण्याचा प्रयोग पाहून पालिकेने एएलएम (ॲडव्हान्स्ड लोकॅलिटी मॅनेजमेंट) ही योजना आणली. गल्लीतल्या लोकांनी समिती करायची आणि वॉर्ड ऑफिसातल्या अधिकाऱ्याने तिच्याशी नियमित बोलायचे. अनेक गल्ल्यांत याने खरोखर फरक पडला. ओला-सुका कचरा हे शब्द घराघरांत गेले त्यात या समित्यांचा वाटा आहे. २००७ च्या निवडणुकीत जुहूच्या एका प्रभागातून पक्षांना बाजूला ठेवून नागरिकांनी आपला उमेदवारही निवडून आणला. मात्र अशा समित्या इमारतींच्या होत्या, आणि त्यांच्या मागण्यांत फेरीवाले हटवा ही ओळ नेहमीची. म्हणजे ५१५ ची मोकळीक हाती घेऊन मागणी ३१४ ची. दुसरीकडे निवडलेले सभासद काय विचारत होते? प्रजा फाउंडेशनने प्रभाग समित्यांतल्या प्रश्नांची मोजदाद केली, तेव्हा रस्ते आणि चौकांचे नामकरण हा विषय वर्षानुवर्षे अगदी वरच्या जागी निघाला.

पालिकेच्या दाराबाहेरचा रस्ता किती दूर जाऊ शकतो याचे उत्तम उदाहरण महाराष्ट्रातले नाही, माळव्यातले आहे. रतलामच्या एका वस्तीतून उघडे गटार वाहत होते, दारूच्या कारखान्याचे पाणी त्यात येत होते, संडास नसल्याने लोक तिथेच बसत होते. १९७२ मध्ये रहिवासी पालिकेकडे विनवण्या करीत बसले नाहीत. फौजदारी प्रक्रिया संहितेतल्या उपद्रवाच्या कलमाखाली दंडाधिकाऱ्याकडे गेले. पालिकेने दोन उत्तरे दिली. पैसा नाही, हे एक. आणि दुसरे असे की या लोकांनी तिथली अवस्था ठाऊक असताना, उघड्या डोळ्यांनी, तिथे घरे केली. आता ओरड कशाची? हा दुसरा युक्तिवाद झोपडपट्टीविषयी बोलताना आपल्याकडे रोज ऐकू येतो, तिथे तो घरे असलेल्यांना ऐकवला गेला. १९८० मध्ये सर्वोच्च न्यायालयात न्या. कृष्ण अय्यर यांनी दोन्ही उत्तरे नाकारली: पैशाची चणचण हे कर्तव्य टाळण्याचे कारण होऊ शकत नाही. तरी पाचच वर्षांनी, १९८५ मध्ये, मुंबईच्या पदपथवासीयांच्या खटल्यात उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे असे मान्य करूनही त्याच न्यायालयाने ३१४ वे कलम वैध ठरवले.

मग २०१४. मुंबईत ठरावीक तारखेनंतर वसलेल्या झोपड्यांना पालिका पाण्याची जोडणी देत नसे. १९९६ च्या सरकारी परिपत्रकाचा तिला आधार होता. पाणी हक्क समितीने उच्च न्यायालयात दाद मागितली. १५ डिसेंबर २०१४ च्या आदेशात न्यायालयाने सांगितले की घटनेतल्या जगण्याच्या हक्कात पिण्याचे पाणी येते, झोपडी बेकायदा आहे म्हणून ते नाकारता येणार नाही, पालिकेने योजना आखावी. त्याच आदेशात अधिकृत इमारतीत राहणाऱ्याच्या बरोबरीने हक्क मागता येणार नाही असेही सांगितले, आणि या वस्त्यांना वेगळा, चढा दर लावण्याची मोकळीक पालिकेला ठेवली. इतक्या वर्षांनी नावाची पावती मिळाली, ती शेजारच्या इमारतीपेक्षा जास्त आकड्याची.